जनीचें नांव कोठें शोधावें?

वाचकहो, वाचनालयांतील पुस्तकांची यादी हा विषय नांगर-हातोडा हातीं असणारांस परका वाटेल. पण थोडें थांबा. ग्रंथ फडताळांत असूनही यादींत त्याचा ठाव नसेल तर तो नसल्यासारखाच. अमेरिकेंतील कटर नांवाच्या ग्रंथपालानें १८७६ सालीं यादीचें काम सांगून ठेविलें : कर्त्याचें नांव ठाऊक असणारास त्याचा ग्रंथ मिळावा, आणि त्या कर्त्याचे आणखी कोणते ग्रंथ संग्रहीं आहेत तेंही कळावें. ठीक आहे, पण कर्त्याचें नांव म्हणजे कोणतें?

साहेबाच्या देशांत यादींत आडनांव आधीं, नांव मागाहून. तोच कित्ता आमच्या जुन्या संतांवर गिरवला कीं सावतोबा "माळी, सावता" होतात, गोरोबा "कुंभार, गोरा" होतात, आणि नरहरी सोनार, सेना न्हावी आपापल्या धंद्याच्या रांगेंत जाऊन बसतात. ज्ञानेश्वरांस मात्र कोणी "कुलकर्णी" या नांवाखालीं शोधीत नाहीं! सुदैवानें १९७८ च्या अँग्लो-अमेरिकन सूचिनियमांत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या भारतीय ग्रंथकारांची नोंद त्यांच्या स्वतःच्या नांवानें करावी, असें स्पष्ट आहे. म्हणजे "सावता" हेंच खरें. "माळी" या शब्दाखालीं फार तर "सावता पाहा" एवढी चिठ्ठी असावी. चिठ्ठीस खर्च तो किती?

जनाबाईंची गोष्ट याहून जिव्हारीं लागणारी. त्या काळीं छापखाना नव्हता. कर्त्याची सही काव्याच्या पोटांतच असे. दळण-कांडण करितां करितां अभंग रचणाऱ्या या बाईनें स्वतःस नामदेवांची दासी म्हणवीत शेवटच्या चरणांत आपलें नांव गोंवून ठेविलें. पुढें तिचे अभंग पुष्कळदां नामदेवांच्या गाथेंत छापले गेले. यादी करणारानें पुस्तकाचें पहिलें पान तेवढें वाचलें कीं नोंद निघते नामदेवांच्या नांवें, आणि जनी नाहींशी!

कोणी म्हणेल, संतांस नांवाचा कसला लोभ? हें वैराग्य नेहमीं दुसऱ्याच्याच नांवाविषयीं कां सुचतें, तें आम्हांस कळत नाहीं.

हल्लीं पुष्कळ ठिकाणीं पत्रकांच्या पेट्या जाऊन संगणक आले आहेत. एका ग्रंथास दहा कर्ते जोडण्यास जागेची अडचण उरली नाहीं. तेव्हां पुढच्या खेपेस तालुक्याच्या वाचनालयांत जाल तेव्हां "जनाबाई" या नांवानें शोध करून पाहा. नामदेवांची गाथा फडताळांत असून यादी कोरीच राहिली, तर ग्रंथपालांस तसें लेखी कळवा.