थेंब कोठून गळतो?

चोर्ला घाटाने जा अथवा अनमोडच्या वाटेने जा, बेळगाव गाठणाऱ्या गोमंतकीयास उद्यमबागेतील कारखाने मागे पडले की टिळकवाडी लागते, आणि तेथून जवळच्या चौकाचे ‘गोवावेस’ हे नाव तर आपल्याच प्रदेशाची आठवण बाळगून आहे. आमची माणसे तेथे खरेदीस जातात, औषधोपचारास जातात, सोयऱ्याधायऱ्यांकडे जातात. आणि ज्यांच्या दारी वीस-तीस वर्षांची मोटरसायकल आहे ती तिचा एखादा सुटा भाग शोधण्यासही जातात. गेल्या पावसाळ्यात टिळकवाडीतील एका लहानशा गॅरेजात आम्ही जे पाहिले, ते क्षुल्लक वाटले तरी वाचकांपुढे ठेवण्याजोगे आहे, असे आमचे मत झाले.

एका निवृत्त शिक्षकांची जुनी मोटरसायकल तेथे उभी होती. दररोज सकाळी पडवीत पेट्रोलचा वास येई आणि इंजिनाखालची फरशी ओली असे. दोन-तीन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. एकाने पेट्रोलची नळी बदलली, दुसऱ्याने कॉक बदलला, तिसऱ्याने कार्बोरेटरचे गॅस्केट नवे घातले. पैसे गेले, गळती मात्र राहिली. त्या गॅरेजातील वृद्ध मिस्त्रींनी हे सारे ऐकून घेतले आणि पान्यास हातही न लावता म्हटले, “गुरुजी, जरा थांबूया. थेंब कुठनं येतोय ते आधी बघूया, मग खोलूया.”

त्यांनी कॉक बंद केला, टाकीपासून इंजिनाच्या तळापर्यंत सारे फडक्याने पुसून कोरडे केले आणि खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरला. दहा-पंधरा मिनिटे गेली, कागद कोरडाच राहिला. अर्थात टाकी, तिचा सांधा आणि कॉक निर्दोष होते. मग कॉक उघडला. नळी कोरडी, गॅस्केटही कोरडे. पण थोड्याच वेळात ओव्हरफ्लोच्या बारीक नळीतून थेंब पडू लागला. दोष कार्बोरेटरच्या आत होता. तेथील वाटीत पेट्रोल भरले की फ्लोट वर उचलला जातो आणि सुईला तिच्या बैठकीत दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. सुईचे टोक झिजले, तेथे कचरा अडकला अथवा फ्लोटला भोक पडून त्यातच पेट्रोल शिरले, तर ही वाट बंद होत नाही आणि जादा पेट्रोल बाहेर वाहते. वाटी खोलताच तळाशी तांबूस गाळ दिसला, सुईच्या टोकावर घासल्याची रेघ दिसली. येथेही ते थांबले नाहीत. विजेरीने टाकीच्या आत पाहिले, तो तळाशी गंज! सुई नवी घातली आणि टाकी तशीच ठेवली, तर दोन महिन्यांत तोच गाळ पुन्हा त्याच जागी. म्हणून टाकी धुतली, नळीत गाळणी बसविली आणि सुई बदलली. काम एका दुपारचे, खर्च थोडका.

आमच्याकडे ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ अशी म्हण आहे. बदललेली नळी आणि बदललेला कॉक हे दोन्ही या न्यायाने बळी गेले. कोणी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. भाग बदलण्यास वेळ कमी लागतो आणि त्याचे पैसे मागता येतात. कागद अंथरून पंधरा मिनिटे स्वस्थ बसण्याचे पैसे कोणी देत नाही. खरे कौशल्य मात्र त्या पंधरा मिनिटांतच असते. ग्राहक जोवर केवळ बदललेल्या भागाचेच मोल देतो आणि निदानाचे देत नाही, तोवर त्याला निदान मिळणार नाही, भागच मिळतील.

यात केवळ पैशाचाच प्रश्न असता, तर अग्रलेखाची जागा आम्ही त्यासाठी खर्च केली नसती. दर दहा सेकंदांस एक थेंब, आणि चाळीस थेंबांचा एक मिलिलिटर असे धरले, तर दहा तासांच्या रात्रीत सुमारे 90 मिलिलिटर पेट्रोल गळते; महिन्याचे ते पावणेतीन लिटरांच्या आसपास जाते. चारचाकाच्या इंजिनाप्रमाणे वेगळे तेल असलेल्या मोटरसायकलीत हेच पेट्रोल कधी इंजिनात उतरते, तेल पातळ करते आणि आतले भाग झिजवते. तेलाला पेट्रोलचा वास येऊ लागला तर ही खूण ओळखावी. पण सर्वांत मोठे भय आगीचे. उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. आपल्या घरांत मोटरसायकल पडवीत अथवा जिन्याखाली उभी असते, आणि तेथून चार पावलांवर सायंकाळी तुळशीपुढे दिवा लागतो. वास येत असताना तेथे काडी ओढणे अथवा दिव्याचे बटण दाबणे म्हणजे संकटास आमंत्रण होय. टाकीच्या छिद्रावर साबण चोळून महिनोन्‌महिने गाडी चालविणे, आणि रिकामी झाली म्हणून न धुतलेल्या टाकीला वेल्डिंग करणे, हेही तितकेच घातक. रिकाम्या टाकीत वाफ असतेच.

या प्रश्नास आता एक नवी बाजू आली आहे. 2003 साली गोवा, कर्नाटक व महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळण्यास प्रारंभ झाला. 2025 साली हे प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचले. देशाला लागणाऱ्या खनिज तेलाचा पाचांपैकी चार भागांहून अधिक वाटा परदेशांतून येतो, आणि बेळगाव जिल्हा तर उसाचाच. तेव्हा इथेनॉलला आमचा विरोध नाही. परंतु इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते वा कडक करते आणि हवेतील ओलावा शोषून घेते. आमच्या किनारपट्टीच्या दमट हवेत महिनाभर न हललेल्या अर्ध्या टाकीत त्याचे काय होणार, हे सांगणे नलगे. जुन्या वाहनांतील काही रबरी भाग व गॅस्केटे लवकर बदलावी लागतील, हे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये स्वतःच मान्य केले. दुचाकीच्या मायलेजमध्ये 3 ते 4 टक्के घट येऊ शकते, असा अंदाज निती आयोगाच्या 2021 सालच्या अहवालात होताच. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळली. धोरण ठरले, पण ते ठरविणाऱ्यांनी जुन्या गाडीच्या मालकास काय करावे हे कोणत्या पंपावर समजावून सांगितले?

यास्तव आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण आणि जुन्या वाहनांसाठीची सूचना मराठीत व स्थानिक भाषांत ठळक लावावी. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, वायसर आणि सुया जुन्या गाड्यांसाठीही रास्त दरात मिळतील, याकडे उत्पादकांनी लक्ष द्यावे. नवी वाहने इंधन इंजेक्शनची आल्याने कार्बोरेटर जाणणारे हात कमी होत आहेत. गोव्यातील आणि सीमाभागातील आयटीआयनी अशा वृद्ध मिस्त्रींना वर्गात बोलावून निदानाची ही विद्या मुलांपर्यंत पोहोचवावी. आणि वाहनधारकांनी? रात्री गाडी उभी करताना कॉक बंद करावा, रबरी नळी चिरली की काय हे महिन्यातून एकदा पाहावे, आणि वास आला की गाडी उघड्यावर नेऊन मगच तिला हात लावावा.

गळती केवळ मोटरसायकललाच लागते असे नाही. पालिकेच्या नळापासून सरकारी तिजोरीपर्यंत ती सर्वत्र आहे, आणि सर्वत्र नळी बदलण्याची घाई आहे. तेथेही कोणीतरी सारे पुसून कोरडे करावे, खाली कागद अंथरावा आणि थेंब कोठून येतो ते पाहण्याइतका धीर धरावा. टिळकवाडीच्या त्या मिस्त्रींना तो धीर होता. म्हणूनच गुरुजींची पडवी दुसऱ्या दिवशी कोरडी राहिली.