पाच गुण

५ मे २०२४. नीटचा पेपर सुटला अन् पोरं लिंबाखाली उत्तरं ताडून बघू लागली. फिजिक्सच्या अणूच्या प्रश्नाला नातवानं दुसरा पर्याय टाकलेला, दुसऱ्या एका पोरानं चौथा. दोघंही एनसीईआरटीच्याच पुस्तकाचा दाखला देत होते! एकाचं जुनं, एकाचं नवं, एवढाच फरक.

आधी दोन्ही उत्तरं बरोबर धरली. जुलैत सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली आयआयटीला विचारलं, तेव्हा चौथंच खरं ठरलं. नातवाचे चार गुण गेले, वर एक कापला. शास्त्रात उत्तर एकच, कबूल. पण थोरल्या भावाचं पुस्तक धाकट्यानं वापरायचं, ही आमची रीत. बियाण्याच्या पिशवीवरसुद्धा मुदत छापतात. पुस्तकावर का नाही?

नातू म्हणतो, "आबा, जाऊ द्या." चार लाखांवर पोरांचे पाच-पाच गुण. कसं जाऊ देऊ?