पुण्याचे गणपती बघायला जा, पण मुक्काम करून या

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला की बाकावर दोन-तीन पोरं बसलेली असतातच. कोणाचा गुडघा सोललेला, कोणाचा कान वाजतोय, कोणाच्या टाचेला फोड. मागे एकदा असाच विशीतला एक मुलगा वडील घेऊन आले. खांद्याजवळचं हाड मोडलेलं, एका बाजूची कातडी घासून निघालेली. पुण्यातले देखावे बघून मित्र-मित्र मोटारसायकलवर पहाटे लोणंदला परत येत होते. समोरून वाहन आलं नव्हतं, कुत्रं आडवं गेलं नव्हतं. सरळ रस्त्यावर गाडी डाव्या अंगाला गेली आणि खडीवर घसरली. "काय झालं ते आठवतच नाही," असं तो सांगत होता.

वडिलांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "डॉक्टर, तेवढं बघा, प्यायलाय का?" तो प्यायला नव्हता. मी तसं सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग ठीक आहे," म्हणाले.

त्या "मग ठीक आहे"बद्दल मला आज लिहायचं आहे, कारण ते ठीक नव्हतं.

दारू पिऊन गाडी चालवण्याची कायद्यातली मर्यादा आपल्याकडे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी आहे. आता झोपेचं गणित बघा. माणूस सलग 17 ते 19 तास जागा राहिला की त्याचं लक्ष आणि हातापायांचा वेग इतका मंदावतो, की रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाशी त्याची बरोबरी होते. 24 तास जागरण झालं की ही बरोबरी 100 मिलिग्रॅमच्या आसपास जाते. हे मोजून बघितलेलं आहे. तुमचा मुलगा सकाळी सहाला उठला, कॉलेजला गेला किंवा बाजारात कांद्याच्या गाडीवर राबला, दुपारी पुण्याला निघाला आणि रात्री तीनला परत फिरला, तर तो 21 तास जागा आहे. थेंबभरही न घेता तो प्यायलेल्या माणसासारखी गाडी चालवतोय. तोंडाला वास येत नाही, म्हणून पोलीस अडवत नाहीत आणि तुम्हीही रागावत नाही.

त्यात पहाटे तीन ते पाच ही वेळच वाईट. शरीराचं आतलं घड्याळ तेव्हा झोपेच्या तळाशी असतं. मेंदू दोन-चार सेकंद बंद पडतो आणि परत चालू होतो, डोळे उघडे असले तरी. गाडी ताशी 60 च्या वेगात असेल तर चार सेकंदांत ती 65 मीटरहून जास्त जाते, म्हणजे तेवढं अंतर ती कोणीच चालवत नसतं. "आठवतच नाही" म्हणणारा मुलगा खोटं बोलत नव्हता. आठवायला तो त्या क्षणी जागाच नव्हता. आणि मागं बसलेल्याला वाटतं आपण काय, आपण झोपलो तरी चालेल. तोही झोपेत कलंडतो.

तोंडावर पाणी मारणं, मोठ्यानं गाणी लावणं, हेल्मेट काढून वारं घेणं, यांनी पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, झोप टळत नाही. (हेल्मेट काढण्याची युक्ती कोणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे.) चहा-कॉफीचा परिणाम व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. खरा उपाय एकच आहे, झोप. अगदीच अडलात तर उजेडाच्या, वर्दळीच्या ठिकाणी गाडी लावा, चहा प्या आणि वीस मिनिटं डोळे मिटा. त्यावर थोडं अंतर निघतं, सत्तर-ऐंशी किलोमीटरचा भरवसा मी देणार नाही. सर्दीची गोळी किंवा खोकल्याचं औषध घेतलं असेल तर तेवढंही नाही. त्यातल्या बऱ्याच औषधांनी झोप येते.

पालकांनो, आता तुमच्याकडे वळतो. पोरगं पुण्याला निघालं की आपण दारातून काय सांगतो? "कितीही वाजू दे, पण घरी ये." मीही माझ्या मुलाला अनेक वर्षं हेच सांगत होतो. आपल्याला वाटतं मुलगा रात्री घरात आला म्हणजे सुखरूप. प्रत्यक्षात याच वाक्यामुळे तो दिवसाच्या सगळ्यात धोक्याच्या वेळी रस्त्यावर असतो. कसब्याच्या गणपतीसमोर किंवा अलका चौकातल्या गर्दीत त्याला जेवढा धोका आहे, त्याहून जास्त दिवे घाटात आणि जेजुरी-नीरेच्या रस्त्यावर आहे. शिरवळवरून आलात तर हायवेला रात्रभर ट्रक पळत असतात.

काही जण म्हणतील, मग जायचंच कशाला? मला हे पटत नाही. गावातल्या पोरांनी शहराची रोषणाई बघावी, ढोलपथक ऐकावं, मंडईत रात्री फिरावं. मुलींनीही जावं. त्यांना मात्र आपण "रात्रीचं कसं पाठवायचं" म्हणून जाऊच देत नाही, आणि मुलांना सोडून देतो. दोन्हीकडे अडलंय ते मुक्कामापाशीच.

लोणंदच्या माणसाला मुक्काम मी शिकवावा अशी परिस्थिती नाही. माउलींची पालखी पुण्याहून सासवड, जेजुरी, वाल्हे असे मुक्काम करत, नीरेत स्नान करून आपल्याकडे येते, त्याच रस्त्यानं. एवढे लाखो लोक, पण रात्र पडली की सोहळा थांबतो. आपण त्यांच्यासाठी ओसरी मोकळी करतो, अनोळखी माणसाला अंथरूण देतो. मग आपल्या पोरासाठी धनकवडीच्या आत्याला किंवा हडपसरच्या मावसभावाला एक फोन करायला संकोच कसला? लोणंदच्या निम्म्या घरांचं कोणी ना कोणी पुण्यात आहे. नसेल तर मित्राची खोली बघा. तीही नसेल तर गणपतीच्या दिवसांत मेट्रो उशिरापर्यंत चालते, चार जणांत मिळून एखादी साधी लॉज परवडते. सकाळी पोटभर नाश्ता करून स्वारगेटहून एसटीनं किंवा रेल्वेनं यावं. मोटारसायकल मुळात नेऊच नये.

विसर्जनाला जाणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं. पुण्याची मिरवणूक अलीकडे 24 तासांच्या वर चालते. ती पूर्ण बघायचा हट्ट धरू नका. मानाचे पाच गणपती बघा, झोपायला जा. सोबत मधुमेहाचं माणूस असेल तर त्याची जेवणाची वेळ चुकवू नका, इन्सुलिन किंवा गोळी घेऊन उपाशी चालणं त्याला महागात पडतं. साखर-पाणी खिशात हवं.

कोणी प्यायलंच असेल तर "झोपून उतरते" या समजावर राहू नये. शरीर तासाला साधारण एक छोटा पेग जिरवतं, कॉफीनं किंवा लिंबानं तो वेग वाढत नाही. रात्री दोनला चार-पाच पेग झाले असतील तर सकाळी सहालाही गाडीला हात लावायचा नाही.

रस्त्याखेरीज कान आणि डोळे. 85 डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनात 100 च्या वरचे आकडे नोंदले गेले आहेत. स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणाऱ्यांनी मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे घालावेत, कापूस उपयोगाचा नाही. लेझरचा झोत डोळ्यावर आला तर मान फिरवा, मोबाईल धरून त्यात बघत राहू नका.

दुसऱ्या दिवशीही कान दडपलेला राहिला किंवा एका डोळ्यापुढे डाग दिसू लागला, तर आठवडाभर वाट बघत बसू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. कान एकदम कमी ऐकू येण्यावर औषध सुरुवातीच्या दिवसांतच लागू पडतं. कोणाकडे जायचं कळत नसेल तर आधी माझ्याकडे या. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखाना तासभर लवकर उघडतो.