मुलांची यादी नाही, तर गाळप परवाना नाही!

ऊसपट्ट्यातील सभासद शेतकरी, शिक्षक आणि ग्रामपंचायतींना जाहीर आवाहन



दसरा झाला की बीड, पाथर्डी, जालना, परभणीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. दिवाळीच्या आगेमागे आपल्या शिवारात त्यांच्या कोप्या उभ्या राहतील. या टोळ्यांचा हिशोब कारखान्याच्या शेती खात्याकडे चोख असतो. कोणत्या मुकादमाचे किती कोयते, कोणाला किती उचल, कोणती टोळी कोणत्या गटात, कालचा ऊस किती टन, सगळे वहीत असते. त्याच टेबलावर एक प्रश्न विचारून पाहा: या टोळ्यांबरोबर सहा ते चौदा वयाची मुले किती आली आणि ती कोणत्या शाळेत जातात? बहुतेक ठिकाणी साहेब शिपायाकडे बघतील आणि शिपाई साहेबांकडे.

हे पत्रक त्या न मोजलेल्या मुलांबद्दल आहे. वह्या-दप्तरे वाटण्यासाठी वर्गणी मागायला ते काढलेले नाही. आमचे म्हणणे एकच आहे. जो कारखाना माणसे बोलावतो, त्याने त्यांच्या मुलांची नोंद आणि शाळेची व्यवस्था दाखवावी. दाखवत नसेल, तर साखर आयुक्तांनी त्याला गाळप परवाना देऊ नये.

जबाबदारी कोणाची?

‘पोरे बीडची, बीडने बघावे’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. कायदा असे म्हणत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ ने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देण्याचे काम स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे. मूल डिसेंबरात जिथे आहे, तिथले प्राधिकरण. बीडमधल्या वडवणीचे मूल सांगलीतल्या वाळव्यात असेल, तर त्याची शाळा हे वाळव्याचे काम आहे. दाखला आला नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवून मागे पडलेला अभ्यास वेगळा शिकवायचा असतो, हेही त्याच कायद्यात आहे.

प्रत्यक्षात काय झाले? १९९०च्या दशकापासून स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात या मुलांसाठी साखरशाळा चालवल्या. कायदा आल्यावर सांगण्यात आले की ही मुले आता नियमित शाळेतच जातील. तत्त्व बरोबर होते. पण साखरशाळा बंद होत गेल्या आणि नियमित शाळेची वाट मात्र तयार झाली नाही. टोळी आठवड्याला फड बदलते, शाळा एका जागी असते. मधल्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. पुढे, मुलाला जाईल तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून, शिक्षण हमी कार्ड आले. पण कार्डाला पाय नसतात. मुलाला फडावरून शाळेत नेणारे वाहन आणि सांगून नेणारा माणूस लागतो.

तोटा केवढा आहे, तेही नीट समजून घ्या. हंगाम नेमका शाळेचे दुसरे सत्र गिळतो. मूल परत गावी जाते तेव्हा वार्षिक परीक्षा डोक्यावर असते. आणि २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षेची अट परत आली आहे. पुरवणी परीक्षेतही नापास झाले, तर मूल त्याच वर्गात राहणार. अर्धे वर्ष फडात घालवलेल्या मुलाला आपण नापास करणार, आणि त्याला फडात ठेवणाऱ्या व्यवस्थेला मात्र दरवर्षी परवाना देणार, हा कुठला न्याय?

मुलींचे हाल याहून वाईट. मजुरी टनावर असल्यामुळे आई पहाटे फडात जाते. धाकटे भावंड सांभाळायला, पाणी आणायला, भाकरी थापायला नऊ-दहा वर्षांची थोरली कोपीवर राहते. तिच्यासाठी शाळेइतकेच पाळणाघर महत्त्वाचे आहे. लहानग्याला ठेवायला जागा मिळाली, तरच थोरली वर्गात बसेल. नाही बसली, तर पुढे काय होते हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) दिसते. २० ते २४ वयोगटातल्या ज्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले, त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के आहे, बीड जिल्ह्यात सुमारे ४४ टक्के. यामागे एकच कारण नाही. पण वयात आलेल्या मुलीला कोपीवर एकटी कशी ठेवायची, ही भीती आणि जोडप्यालाच पूर्ण कोयता धरून उचल मिळते हा व्यवहार, दोन्ही तिला मांडवाकडे ढकलतात.

पैसा नाही, असे कोणी सांगू नये

प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला. त्यानंतर उसाच्या पैशातून या पट्ट्यात हायस्कुले आली आणि १९८३ मध्ये विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाल्यावर अभियांत्रिकी, वैद्यकीय महाविद्यालयेही आली. आपली मुले त्यात शिकली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण ज्या साखरेवर डॉक्टर आणि इंजिनिअर घडवण्याचे कारखाने निघाले, तिचा ऊस तोडणाऱ्याच्या मुलाला पहिलीचा वर्ग मिळू नये?

ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरले आहे. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात सुमारे १,३०० लाख टन ऊस गाळला गेला. त्या हिशोबाने एका हंगामाचे कारखान्यांचे १३० कोटी आणि सरकारचे १३० कोटी होतात. सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत प्रत्येकी १०० मुलांची ८२ वसतिगृहे मंजूर केली. ती सगळी भरली तरी ८,२०० मुलांची सोय होते. ऊसतोड मजूर मात्र आठ ते दहा लाख धरले जातात. वसतिगृहे हवीतच. गावात राहून शिकता येत असेल, तर त्याहून चांगले काही नाही. पण जे मूल आईबापाबरोबर इथे आलेच आहे, त्याला ‘तू तिकडे असायला हवे होतेस’ हे उत्तर देता येणार नाही.

नेहमीचे आक्षेप

‘आईबापच पाठवत नाहीत.’ उचल फिटेपर्यंत प्रत्येक हात मोजला जातो, म्हणून पाठवत नाहीत. पाळणाघर, वाहन आणि दुपारचे जेवण द्या, मग बोला.

‘चार महिन्यांसाठी कशाला?’ आपल्या मुलाची शाळा चार महिने बंद ठेवतो म्हटले, तर आपण जिल्हा परिषदेवर मोर्चा नेऊ.

‘ते आमचे कामगार नाहीत, मुकादमाचे आहेत.’ उचलीचा पैसा कारखान्यातून वाहतूकदाराकडे, तिथून मुकादमाकडे आणि मग मजुराकडे जातो. पैसा खाली पोहोचतो, तर जबाबदारी मधेच कुठे अडते?

‘हार्वेस्टर आला की प्रश्न मिटेल.’ यंत्र येईल तेव्हा येईल. आज जे मूल आठ वर्षांचे आहे, त्याचे वय तोवर थांबणार नाही.

‘आपल्या शाळेचा दर्जा घसरतो.’ दर्जाची काळजी असलेले बरेच जण आपली मुले इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवून मोकळे झाले. पट घसरलेल्या जिल्हा परिषद शाळेत बाके रिकामी आहेत, तिथे ही मुले बसू द्या.

आमच्या मागण्या

१. गाळप परवान्याच्या अर्जासोबत मुलांसाठीच्या व्यवस्थेचा आराखडा जोडावा. टोळ्या आल्यावर पंधरा दिवसांत वय आणि शाळेसह मुलांची यादी साखर आयुक्तांना द्यावी. ज्याने दिली नाही, त्याचा पुढच्या हंगामाचा परवाना अडवावा.

२. यादीची पडताळणी गावातल्या शिक्षकांनी आणि ग्रामपंचायतीने तळावर जाऊन करावी. त्यासाठी शिक्षकांवरची इतर कामे कमी करावीत.

३. प्रत्येक मोठ्या तळावर पाळणाघर आणि शाळेपर्यंत वाहन हा तोडणी कराराचाच भाग असावा.

४. इथली हजेरी आणि मूल्यमापन मूळ शाळेने ग्राह्य धरावे. कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांच्या मुलांसाठी मराठी शिक्षक आणि पुस्तके देण्याचा करार दोन्ही सरकारांनी करावा.

परवाना अडवणे ही नवी गोष्ट नाही. एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) थकली की परवाना अडतो, हे आपण आंदोलन करूनच मिळवले. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच उसाच्या बिलातून वजा होतो, म्हणून तोडणी कशी होते हे विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.

कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा तोंडावर आल्या आहेत. अहवाल वाचनाला ‘मंजूर, मंजूर’ म्हणण्याआधी प्रत्येक सभासदाने उभे राहून विचारावे: गेल्या हंगामात आपल्या कारखान्यावर किती मुले आली आणि किती शाळेत गेली? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. उत्तर नसेल, तर ‘उत्तर नाही’ असे लिहून घ्यावे, आणि त्या इतिवृत्ताची प्रत साखर आयुक्तांना पाठवावी.

— ऊसपट्ट्यातील काही सभासद शेतकरी व शिक्षक

(वाचा, आणि सभेला जाणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती द्या.)