मदत नको, भरपाई मोजा!



एसटी उलटली की पुढारी दवाखान्यात येतात, मदत जाहीर करतात आणि जातात. ती मदत म्हणजे भरपाई नव्हे. भरपाई हा हक्क आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 164 खाली चालकाची चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. चूक सिद्ध केली तर कलम 166 खाली याहून जास्त मागता येतात.

खरी मेख तिथेच आहे. नोकरदाराची पगारपावती पुरावा ठरते. शेतकरी गेला की समोरचा वकील म्हणतो, जमीन तर वारसांकडेच आहे, बुडाले काय? 2003 साली सर्वोच्च न्यायालयानेही जसबीर कौर निकालात हा मुद्दा धरला. आम्ही विचारतो, कोरडवाहू रान आपोआप पिकते काय? वाफसा पाहून तिफण कोण धरणार?

म्हणून कापसाच्या हिशोबपट्ट्या, सातबारा, दवाखान्याची बिले, पंचनाम्याची नक्कल जपा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. सहा महिन्यांच्या आत आपल्याच जिल्ह्यातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करा. घामाचा हिशोब आपणच मांडायचा आहे.