लग्नाला काय नेसू?

तुळशीचं लग्न लागलं, की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते आणि घरोघरी पत्रिकांची चळत जमू लागते. पत्रिका हातात पडली की पूर्वी पहिला प्रश्न असे, 'कार्यालय कुठलं आणि मुहूर्त कितीचा?' हल्ली आमच्या घरात, आणि मला वाटतं बहुतेक मध्यमवर्गीय घरांत, पहिला प्रश्न निघतो तो, 'नेसायचं काय?'

प्रश्न वरवर हलका वाटतो. पण डिसेंबर ते मे एवढ्या दिवसांत सात-आठ लग्नांची बोलावणी सहज येतात. चौघांच्या कुटुंबाने दर लग्नाला नवे कपडे घ्यायचं ठरवलं, तर महिन्याच्या हिशेबाचं काय होईल, ते गृहिणींना सांगायला नको. त्यातून आता लग्न एका दिवसात आटपत नाही. मेंदी, हळद, संगीत, लग्न, रिसेप्शन, आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. आठ दिवस आधी व्हॉट्सअॅपवर फर्मान निघतं, 'हळदीला सगळ्यांनी पिवळं, संगीताला मावशांनी पोपटी, काकवांनी जांभळं.' फोटो छान येतात, हे खरं. पण जिच्याकडे पोपटी साडी नाही, त्या मावशीने काय करायचं?

आमच्या नात्यातल्या एक काकू गेल्या वर्षी सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला आल्या नाहीत. गुडघ्याचं कारण सांगितलं. महिन्याभराने मी भेटायला गेले, तेव्हा चहा गाळता गाळता म्हणाल्या, "अगं, तीच साडी तिसऱ्यांदा कशी नेसायची? सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आधीचे फोटो आहेत." ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं, त्याच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहिल्या, त्या एका साडीपायी!

आमच्या आईच्या पिढीत 'ठेवणीतली साडी' नावाची चीज होती. ट्रंकेत एखादा शालू, जमलं तर एखादी पैठणी. तीच दहा लग्नांत मिरवायची. "ही तुझ्या दिवाळसणाची ना?" असं कुणी विचारलं, तर त्यात टोमणा नसे, कौतुक असे. शेजारणीची साडी मागून नेसण्यात कमीपणा नव्हता, तिची घडी मोडायचा मान मिळाला म्हणून उलट आनंदच. मला वाटतं, कमी खर्चात नीटनेटकं आणि देखणं दिसण्याची युक्ती त्या ट्रंकेतच आहे.

म्हणजे काय करायचं? तीन भडक साड्यांच्या पैशांत एक चांगली घ्यावी, आणि ती अशी, की सकाळच्या मुहूर्तालाही शोभेल आणि संध्याकाळच्या रिसेप्शनलाही. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची इरकल घ्या. अंग साधं किंवा बारीक चौकडीचं, काठ ठसठशीत, पदर लाल-पांढरा. ती कुठल्या एका सालच्या फॅशनची नसतेच, त्यामुळे जुनीही दिसत नाही. नारायणपेठचंही तसंच. नर्मदाकाठच्या महेश्वरचा रेशीम-सुती पोत हलका असतो, मे महिन्याच्या घामात बरा. काही महेश्वरी साड्यांचा काठ तर दोन्ही बाजूंनी विणलेला असतो. एका लग्नाला एक बाजू, पुढच्याला दुसरी!

साडी तीच ठेवून ब्लाउज बदलला, तरी रूप बदलतं. गुळेदगुड्डचा खण पूर्वापार चोळीसाठीच विणला जातो. साध्या एकरंगी साडीवर खणाचा ब्लाउज घालून पाहा. शिंप्याला मात्र आत दोन बोटं माया ठेवायला बजावून सांगा. पुढल्या वर्षी अंग भरलं, तर उसवून सैल करता येतो. ढगळ किंवा काचणारा ब्लाउज भारी साडीचीही कळा घालवतो.

खरेदी करताना डोळे उघडे हवेत. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून बघा. मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या साडीत मागे कापलेले धागे दिसतात. रेशमाची शंका असेल, तर पदराचा एक सुटा धागा जाळून पाहावा. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. सेमी पैठणी घेण्यात गैर काही नाही. फक्त सेमीचे पैसे द्यावेत, अस्सलचे देऊ नयेत.

आणि जपणूक. अत्तर, स्प्रे जे काय असेल ते आधी, साडी नंतर. घरी आल्यावर ती लगेच कपाटात न कोंबता रात्रभर वाऱ्यावर टाकावी. सुती कापडात गुंडाळावी आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर जर घडीवरच तुटते. पुरुषांचं काम आणखी सोपं आहे. अंगाबरोबर बसणारा एक फिका कुर्ता, वर एक बरं जाकीट, कडक इस्त्री आणि पॉलिश केलेल्या चपला. वाढत्या मुलांना मात्र नवं घेऊच नये, मोठ्या भावंडांचं उतरलेलं चांगलं असतंच.

हे झालं पाहुण्यांचं. पण खरी किल्ली यजमानांच्या हाती आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न साधेपणाने लागलं. २०२० च्या साथीत पन्नास माणसांत लग्नं उरकली, त्यातले संसारही सुखाने चालले आहेत. तेव्हा कुणी रंग ठरवून दिले नव्हते. ज्यांना हौस आहे आणि ऐपत आहे, त्यांनी खुशाल नटावं. आपल्या हौसेचं बिल मात्र पाहुण्यांच्या नावावर फाडू नये.

'कृपया आहेर आणू नयेत' ही ओळ आपल्या पत्रिकांवर आता रुळली आहे. पहिल्यांदा कुणीतरी ती छापली, तेव्हा नाकं मुरडलीच असतील. यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी त्याखाली आणखी एक ओळ घालावी, अशी माझी विनंती आहे: 'ठेवणीतलं नेसून या, पण या.'