आमदारसाहेब, राज्यसभेला मत कोणाला दिलंत?



आमदार गावात आले की आपण रस्ता मागतो, सभामंडप मागतो, हायमास्ट दिवा मागतो. मागायलाच हवं. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारा, एवढी विनंती आहे: राज्यसभेच्या निवडणुकीत पहिली पसंती कोणाला दिलीत, दुसरी कोणाला, आणि का?

महाराष्ट्रातून राज्यसभेवर 19 खासदार जातात. त्यांना निवडतात आपले 288 आमदार. विधानसभेला आपण बटण दाबतो, तेव्हा दिल्लीतल्या त्या सभागृहाचं पारडंही थोडं हलतं. 2015 साली भूसंपादन कायद्यातली दुरुस्ती लोकसभेने मंजूर केली. राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं, तिथे ती अडली. ऑगस्टअखेर त्याच दुरुस्तीच्या वटहुकमाचीही मुदत संपली. ती दुरुस्ती चांगली होती की वाईट, यावर आपल्यातच एकमत नाही. पण अडली ती या सभागृहातल्या संख्याबळामुळे.

10 जून 2022 ची राज्यसभा निवडणूक आठवा. जागा 6, उमेदवार 7. आमदार हॉटेलांत मुक्कामाला, निकाल पहाटे. शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची 33 मतं, भाजपच्या धनंजय महाडिकांना 27. निवडून आले महाडिक! भाजपच्याच पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांच्या, विजयाला लागणाऱ्या मतांपेक्षा जादा मतांतली दुसरी पसंती त्यांच्याकडे वळली होती. गणित चोख होतं, यात वाद नाही. पण ज्या अपक्षांच्या आणि छोट्या पक्षांच्या मतांसाठी एवढी धावपळ चालली होती, त्यांच्यापैकी किती जणांनी मतदारसंघात येऊन सांगितलं, की मत अमक्याला दिलं आणि या कारणासाठी दिलं?

2003 पासून हे मतदान खुलं आहे म्हणे. खुलं कोणासाठी? पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका फक्त आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची. भलत्याला दाखवली तर मत बाद. पक्षाला दिसतं, आपल्याला नाही. 2020 आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तर सगळं बिनविरोध. अशा वेळी प्रश्न बदला: उमेदवार ठरवताना तुम्हाला कोणी विचारलं का?

2028 मध्ये राज्यातल्या 6 जागांची मुदत संपेल. तेव्हा मत देणारी विधानसभा आपण नोव्हेंबर 2024 मध्येच निवडली आहे. आमदार कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्या संपर्क कार्यालयात हा प्रश्न लेखी द्या, खाली गावातल्या चार-पाच जणांच्या सह्या घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.